बाप आणि बाळंतिणीची खोली

जेऊरच्या स्टेशनावर मुंबईची गाडी थांबे, तेव्हा तिच्यातून कधी एखादा गिरणीतला तरुण उतरे. हातात बाळाचे टोपरे असे. लोहमार्ग १८६० साली सोलापूरला पोहोचला आणि या दुष्काळी मुलखातील पुरुष पोटासाठी दूर जाऊ लागला. पहिलटकरीण माहेरी जायची. त्यामुळे बापाला मूल दिसे ते बारसे उलटून गेल्यावर. आणि मूल त्याला पाहताच रडू लागे!

बाप हा असा परका पाहुणा पूर्वापार होता काय? जुने ग्रंथ तसे सांगत नाहीत. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात जातकर्म आहे. तेथे बाप मुलाला मांडीवर घेतो, त्याच्या कानाशी बोलतो आणि मग स्वतःच्या हातांनी त्याला आईच्या स्तनाशी देतो. प्रवासाहून परतलेल्या बापाने मुलाचे मस्तक हुंगावे, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. मुलीच्या बाबतीत मात्र हे विधी मंत्रावाचून करावेत, असाही त्यात भेद आहे; तो आपण सोडून दिला पाहिजे. जातकर्मातील मधाचे चाटणही आज वर्ज्यच. एक वर्षाच्या आतील मुलाला मध घातक ठरू शकतो.

पुढे सोयर, माहेरपण आणि एकत्र कुटुंबातील मर्यादा यांनी बापाला खोलीबाहेर बसविले. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल उचलणे म्हणजे निर्लज्जपणा! बाळंतिणीला विसावा मिळाला, हे खरे. परंतु बापाचे हात रिकामे राहिले.

हा संकोच मोडणारे एक ठळक उदाहरण गांधीजींचे. दक्षिण आफ्रिकेत १९०० साली देवदासचा जन्म झाला. वेळेवर ना डॉक्टर मिळाला, ना सुईण. प्रसूती त्यांनी स्वतःच केली. त्यासाठी एका गुजराती डॉक्टरांचे पुस्तक ते आधीच वाचून बसले होते. धाकट्या दोन्ही मुलांच्या वेळी दाई ठेवली ती कस्तुरबांच्या मदतीला. तान्ह्यांचे संगोपन ते स्वतः करीत.

यानंतर १९७८च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरी, अपुऱ्या दिवसांच्या मुलांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची रीत सुरू झाली. पुढे ध्यानात आले की ही ऊब बापाची छातीही देऊ शकते.

पहिले सहा महिने मुलाने आईचेच दूध प्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून बापाने हाती बाटली घेण्याचे कारण नाही. दूध पिऊन झालेले मूल खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, दुपटे बदलावे, छातीशी धरून निजवावे, आणि पाजणाऱ्या आईला पाण्याचा तांब्या द्यावा. दूध आईचे खरे. पण ऊब, आवाज आणि वास बापालाही आहे. मुलाची ओळख त्यातूनच होते.

गाडी आजही जेऊरला थांबते. उतरणाऱ्या बापाने टोपरे जरूर आणावे. परंतु दारात थबकू नये.