अदृश्य ‘^एम’ची कुळकथा

लिनक्सवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठणारी एक चूक आहे. स्क्रिप्ट समोर दिसते आहे, तिला चालवण्याची परवानगी दिलेली आहे, नावात काही गडबड नाही. तरी चालवायला गेलं की बॅश या शेलच्या ५.२ पूर्वीच्या आवृत्त्यांत उत्तर येतं: ‘बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. नवखा माणूस पाथ तपासतो, परवानग्या पुन्हा देतो, शेवटी बॅशच नव्याने टाकायला घेतो. खरं तर हा संदेश अक्षरशः बरोबर असतो. जी फाइल सापडली नाही ती आपली स्क्रिप्ट नव्हेच. ती वेगळीच फाइल आहे आणि तिचं नाव स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे. त्या नावाच्या शेवटाला एक न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं.

ही चूक दोन घराण्यांच्या सोयरिकीतून जन्मली. त्यातलं धाकटं घराणं बेल लॅब्जमधल्या युनिक्सचं.

युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ साली आली, तोवर कर्नलला स्क्रिप्ट ही चीजच ठाऊक नव्हती. फाइल चालवायला दिली आणि ती यंत्रभाषेतली नसली, तर कर्नल हात वर करायचा. मग शेल ती फाइल स्वतः उघडून ओळीओळीने वाचायचा. शेल एकच होता तोवर हे निभावलं. बर्कलीहून सी-शेल आला आणि प्रश्न उभा राहिला: ही फाइल नेमकी कोणी वाचायची? सी-शेलने आपल्यापुरता नियम केला की फाइलचं पहिलं अक्षर # असेल तर ती आपली, नाहीतर साध्या शेलची. ही तात्पुरती डागडुजी होती.

१० जानेवारी १९८० रोजी बेल लॅब्जच्या डेनिस रिची यांनी एका छोट्या टिपणात पक्का उपाय जाहीर केला. फाइल #! या दोन चिन्हांनी सुरू झाली, तर त्यापुढची ओळ म्हणजे ती फाइल कोणी वाचायची त्याचा पत्ता, आणि तो पत्ता वाचण्याचं काम शेलचं नसून कर्नलचं. फायदेही त्यांनी मांडले: चालू प्रक्रियांच्या यादीत स्क्रिप्टचं खरं नाव दिसेल, कोणता शेल वापरायचा हा वाद मिटेल, पुढे येणाऱ्या इंटरप्रिटरांना सहज जागा मिळेल. पायथन आणि पर्ल तेव्हा जन्मालाही आले नव्हते. माझ्या मते इतक्या कमी शब्दांत इतकं दूरचं पाहणारं टिपण संगणकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्यात एक ताकीदही होती: पत्ता पूर्ण लिहा, शोधाशोध केली जाणार नाही. सुरुवातीला ही सगळी ओळ १६ अक्षरांत बसवावी लागे. लिनक्समध्ये ही मर्यादा आता सुमारे २५६ बाइटांची आहे, पण ‘शोधाशोध नाही’ हा बाणा आजही तसाच आहे.

थोरलं घराणं तारयंत्राचं. डोनाल्ड मरे या न्यूझीलंडच्या संशोधकाने १९०१ च्या सुमारास बोदोची पाच बिटांची तारलिपी टाइपरायटरसारख्या कीबोर्डसाठी नव्याने बांधली. मजकूर कागदाच्या पानावर छापायचा, तर अक्षरांखेरीज यंत्राला हुकूम देणारे संकेतही हवेत. म्हणून तिच्यात दोन वेगळे संकेत आले: कॅरेज डावीकडे परत ने, आणि कागद एक ओळ वर सरकव. १९६३ च्या आस्की संकेतावलीत त्यांना अनुक्रमे १३ आणि १० हे क्रमांक मिळाले. १३ वं इंग्रजी अक्षर एम, म्हणून पहिल्याला कंट्रोल-एम म्हणतात आणि पडद्यावर ते ^एम असं दाखवतात.

त्याच काळातला टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. कॅरेज उजव्या टोकाकडून परत यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागे. म्हणून आधी १३ पाठवायचा आणि लगेच १०, म्हणजे कागद सरकेपर्यंत कॅरेज डावीकडे पोचतं. ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असण्याचं कारण हे इतकं यांत्रिक आहे.

मल्टिक्स या यंत्रणेच्या रचनाकारांनी यातून वाट काढली. मजकुरात एकच चिन्ह ठेवायचं, १० क्रमांकाचं. यंत्राला आणखी एक लागत असेल, तर ते छापण्याच्या वेळी ड्रायव्हरने घालावं. १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सने हेच उचललं. हा निर्णय शहाणपणाचा होता. यंत्राची अडचण ड्रायव्हरने निस्तरावी, ती मजकुरात कायमची कोरून ठेवू नये. सीपी/एम या यंत्रणेने मात्र दोन्ही चिन्हं ठेवली, १९८१ साली एमएस-डॉसने तीच उचलली आणि तिथून ती विंडोजमध्ये आली.

आता विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणा. कर्नल पहिली ओळ १० क्रमांकाच्या चिन्हापर्यंत वाचतो. कडेच्या मोकळ्या जागा आणि टॅब तो छाटतो, १३ ला हात लावत नाही. मग तो ‘/बिन/बॅश’ शोधत नाही, ‘/बिन/बॅश^एम’ शोधतो. अशी फाइल अर्थातच नसते.

टर्मिनलवरचं दृश्य तर पाहण्यासारखं असतं. पायथनची स्क्रिप्ट ‘एन्व्ह’ या कमांडमार्फत चालवली, की एन्व्हच्या जुन्या आवृत्तीत चूक सांगणारा संदेश चक्क विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होई: ‘: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. आधीची अक्षरं छापली गेलेलीच असत. पण नावाला चिकटलेलं १३ टर्मिनलपर्यंत पोचलं, की टर्मिनल ते इमानेइतबारे पाळतं, कर्सर डावीकडे नेतं आणि उरलेला मजकूर आधीच्या अक्षरांवर छापतं. तिथे खरंखुरं कॅरेज नाही, हुकूम मात्र जिवंत आहे.

स्क्रिप्टमध्ये मराठीत टिपा लिहिणाऱ्यांना आणखी एक अडथळा असे. जुन्या नोटपॅडमध्ये देवनागरी टिकवायची तर फाइल यूटीएफ-८ म्हणून साठवावी लागे, आणि नोटपॅड फाइलच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइट घालून ठेवी. मग #! ही पहिली दोन चिन्हं राहत नाहीत आणि कर्नल फाइल ओळखत नाही. बॅश ती स्वतः वाचायला घेतो, आणि पहिली ओळ हीच कमांड समजून ‘लाइन १’वर तक्रार करतो. नोटपॅडने १० वर संपणाऱ्या ओळी ओळखायला २०१८ साली सुरुवात केली, आणि ते तीन बाइट आपणहून घालणं २०१९ मध्ये थांबवलं.

आज १३ चा त्रास बहुधा गिटच्या वाटेने येतो. विंडोजवरचं गिट नेहमीच्या मांडणीत फाइली उतरवताना १३ जोडतं, आणि तेच फोल्डर लिनक्सच्या कंटेनरला जोडलं की स्क्रिप्ट अडते. रिपॉझिटरीच्या गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल=एलएफ’ एवढं लिहिलं की प्रश्न मुळातच मिटतो. आलेली स्क्रिप्ट संशयास्पद वाटली तर ‘फाइल’ कमांडला विचारा. ‘सीआरएलएफ’ असं उत्तर आलं, तर डॉस-टू-युनिक्स चालवा.

बॅशच्या कोडमध्ये या एका चुकीसाठी खास तरतूद आहे. इंटरप्रिटरच्या नावाच्या शेवटी १३ आढळलं, तर संदेशात त्याच्या जागी ^एम छापायचं. कितीतरी जणांना त्या दोन चिन्हांनीच कारण दाखवून दिलं. २०२२ च्या ५.२ आवृत्तीपासून मात्र अशा वेळी ‘कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ एवढंच येतं. फाइल दुसरीच आहे हे आता अधिक स्पष्ट झालं, पण ती कोणती ते सांगणारं नाव गेलं आणि त्याबरोबर ^एमही. हा बदल मला पटत नाही. ते नाव संदेशात परत यायला हवं.