छाती उघडण्याची घाई : १९१८

१/ १९१७-१८ चा हिवाळा. अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत तरुण सैनिक मरत होते, तेही रणभूमीवर पाऊल ठेवण्याआधी. प्रथम गोवर, त्यामागून स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा न्यूमोनिया, आणि मग छातीत साचणारा पू, म्हणजे एम्पायमा. या रुग्णांपैकी सरासरी सुमारे ३० टक्के दगावत. काही छावण्यांत याहून कितीतरी अधिक.

२/ आधी ही जागा समजून घेऊ. फुप्फुसावर एक पातळ आवरण असते. तेच वळून छातीच्या भिंतीला आतून अस्तरासारखे लागते. या दोन पदरांमध्ये पोकळी म्हणावी अशी जागा नसतेच, असतो तो केवळ काही मिलिलिटर द्रवाचा ओलावा. तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून फुप्फुस फुललेले राहते. भिंतीला छिद्र पडले की हवा आत शिरते आणि फुप्फुस आक्रसते. व्हेसेलियसने १५४३ च्या आपल्या ग्रंथातच नोंदवले होते, की छाती उघडलेल्या प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकले, तर मिटलेले फुप्फुस पुन्हा फुलते.

३/ पण पू दिसला की त्याला वाट करून द्यावी, हा शल्यवैद्यांचा नियम त्याहूनही जुना. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांतही छातीतला पू काढण्याचे वर्णन आहे. छावण्यांतले डॉक्टर त्याच नियमाने बरगडीचा तुकडा कापून छाती तत्काळ उघडत. त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. न्यूमोकॉकसच्या एम्पायमात हाच उपाय लागू पडत असे.

४/ मग बिघडले कोठे? लष्कराने नेमलेल्या एम्पायमा आयोगात एव्हार्ट्‌स ग्रॅहम हा शल्यविशारद होता. व्हर्जिनियातील कॅम्प ली येथे रुग्ण पाहून आणि रिचर्ड बेल याच्यासह कुत्र्यांवर प्रयोग करून त्याने उत्तर शोधले. शरीररचनेच्या दृष्टीने डावी-उजवी पोकळी वेगळी. परंतु मधला पडदा, ज्यात हृदय असते, तो ताठ भिंत नव्हे. एका बाजूस हवा शिरली की तो दुसऱ्या बाजूकडे ढकलला जातो आणि दोन्ही फुप्फुसे दबतात. म्हणजे दाबाच्या हिशेबाने छाती जवळजवळ एकच खोली!

५/ न्यूमोकॉकसचा पू लवकर दाट होतो, पदर एकमेकांना चिकटतात, पडदा स्थिर होतो. स्ट्रेप्टोकॉकसच्या आजारात आरंभी पाण्यासारखा द्रव असतो, काहीच चिकटलेले नसते, आणि न्यूमोनियाने श्वास आधीच अपुरा. अशा वेळी निरोगी माणूस सहज सोसेल एवढे छिद्रही प्राणघातक ठरे.

६/ आयोगाचा सल्ला साधा होता. तीव्र अवस्थेत छाती उघडी टाकू नका. सुईने द्रव काढा, रुग्णाला पोषण द्या, पू दाट होऊ द्या, मग निचरा करा. जेथे हे पाळले गेले, तेथे मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले. प्रतिजैविके अजून जन्मायची होती, हे ध्यानात घ्या.

७/ पुढे ५ एप्रिल १९३३ रोजी याच ग्रॅहमने सेंट लुईस येथे कर्करोगग्रस्त रुग्णाचे एक संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. उरलेली रिकामी जागा भरावी कशी? त्याने काही बरगड्या काढून छातीची भिंतच आत बसू दिली. तो रुग्ण, डॉ. जेम्स गिलमोर, अनेक वर्षे जगला. ग्रॅहम स्वतः धूम्रपान करणारा. १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने तो गेला, तेव्हा गिलमोर हयात होता.