कॉवेल इस्पितळातील संघटना

कामगारांना एका छपराखाली आणतो तो मालक. तो आपल्या सोयीसाठी आणतो आणि तेथेच, त्याच्या नकळत, संघटनेचा पाया पडतो. उभी हयात कामगारांत गेल्यामुळे आम्हांला हे नवे नाही. परंतु हाच प्रकार अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या इस्पितळात घडला, हे वाचले तेव्हा मात्र आम्ही चकित झालो.

एड रॉबर्ट्स हा कॅलिफोर्नियातला मुलगा. १९५३ साली, चौदाव्या वर्षी, पोलिओने त्याचे मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले. रात्री श्वासासाठी 'लोखंडी फुफ्फुस' नावाच्या पेटीत निजावे लागे. शिक्षणाचा खर्च देणाऱ्या सरकारी पुनर्वसन खात्याने प्रथम नकार दिला. हा कधी नोकरी करणार नाही, मग पैसे कशाला घाला, असा हिशेब! वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर खाते नमले. १९६२ साली त्याला बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पण सुमारे ८०० पौंडांची ती पेटी वसतिगृहाच्या जमिनीला पेलेना. अखेर विद्यापीठाच्या कॉवेल इस्पितळात खोली दिली. पुढल्या वर्षी जॉन हेसलर आला, आणि काही वर्षांत तेथे दहाबारा जण जमले.

आजार नसता इस्पितळात राहावयाचे, हे विचित्रच. पण एकत्र राहिल्याने प्रत्येकाचे रडगाणे सर्वांचे गाऱ्हाणे झाले. मदतनीस मिळत नाही, खुर्चीची मोटर बंद पडते, वर्गाच्या पायऱ्या आडव्या येतात. त्यांनी स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' म्हणवून घेतले. म्हणजे चाकांवर फिरणारे लुळे. असली नावे आपली आपण घेतलेली बरी. नाहीतर लोक देतातच.

कसोटी आली १९६९ च्या सुमारास. अभ्यासात प्रगती नाही म्हणून दोघांना तेथून काढावे, असे खात्याच्या अधिकाऱ्याने ठरविले. इतरांचा खर्चही त्याच खात्याच्या हाती होता. गप्प बसण्यात शहाणपण होते आणि पगार ज्याच्या हाती त्याच्यापुढे माणसे गप्प कशी बसतात, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. हे बसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रे गाठली, विद्यापीठाला जाब विचारला. दोघे राहिले, बदली झाली ती अधिकाऱ्याची. आमच्या मते खरा विजय हाच.

१९७० साली केंद्र सरकारच्या अनुदानातून विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांचे कार्यालय निघाले, आणि ते अपंगांनीच चालविले. मदतनीस मिळवून देणे, सोयीची घरे शोधणे ही कामे होतीच. पण आम्हांला कौतुक वाटते ते खुर्च्यांच्या दुरुस्तीचे. खुर्ची बंद पडली की माणूस कैदी! हे कोणा तज्ज्ञाला सुचण्याआधी त्या खुर्चीत बसणाऱ्याला सुचते. १९७१ साली नगरपालिकेने बाजारपेठेतील पदपथ चाकाच्या खुर्चीला चढता येतील असे करण्याचे ठरविले. १९७२ साली गावातील अपंगांसाठी स्वतंत्र केंद्र निघाले आणि १९७५ साली एड रॉबर्ट्स त्याच पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला.

केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांना डावलू नये, असा कायदा १९७३ साली झाला होता. पण त्याच्या नियमांवर सही होईना. तेव्हा ५ एप्रिल १९७७ रोजी ज्युडी ह्यूमन यांच्या पुढारीपणाखाली शंभराहून अधिक लोक सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात ठाण मांडून बसले. त्यांत बर्कलीची मंडळी पुष्कळ होती. २८ एप्रिलला सही झाली. मधल्या काळात त्यांचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले, तेव्हा चाकाच्या खुर्च्यांसह त्यांना शहरभर न्यावयाचे कसे, हा प्रश्न पडला. तो सोडविला यंत्रकामगारांच्या संघाने. त्यांनी भाड्याने एक मालवाहू ट्रक आणून उभा केला.