विचित्र कणांची पाठचिकित्सा

पाठचिकित्सा शिकविताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, मूळ पोथी हरवली तरी उरलेल्या प्रतींवरून मूळ पाठाचा अदमास बांधता येतो. पदार्थविज्ञानातही असा एक अध्याय आहे आणि त्याची काही पाने मुंबईत लिहिली गेली आहेत.

१९४७ मध्ये मँचेस्टरच्या रोचेस्टर आणि बटलर यांनी विश्वकिरणांची दोन छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील एकात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खूण होती. विद्युतभार नसलेला कण स्वतःची रेषा उमटवीत नाही. तो मोडल्यावर निघालेले दोन कण तेवढे दिसले. हे नवे कण सहज निर्माण होत, पण मोडायला अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळ घेत. हा विरोध उलगडण्यासाठी १९५३ मध्ये गेल-मान यांनी एक नवा गुणधर्म कल्पिला आणि पुढे त्याला 'विचित्रता' असे नाव दिले.

त्याच सुमारास होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापिलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. नाझी छळछावणीतून सुटून अमेरिकेस गेलेले आणि तेथेही राजकीय संशयाचे धनी झालेले बर्नार्ड पीटर्स या संस्थेत आले. देवेंद्र लाल आणि यश पाल या तरुणांसह त्यांनी छायाचित्रण-लेपात उमटलेल्या विश्वकिरणांच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि के-मेसॉन या विचित्र कणांचा अभ्यास केला.

आज आकाशाची वाट पाहावी लागत नाही. जिनिव्हाजवळच्या महाकाय यंत्रात प्रोटॉनांची टक्कर घडविता येते. तेथील 'सीएमएस' प्रयोगात हीच मुंबईची संस्था सहभागी आहे. या प्रयोगाने २०११ मध्ये केऑन, लॅम्डा आणि क्साय या कणांची मोजणी प्रसिद्ध केली. पद्धत जुनीच: मोडल्यानंतरच्या खुणा जुळवून मूळ कण ओळखावयाचा. प्रोटॉनच्या मूळ घडणीतील तीन क्वार्कांत विचित्र क्वार्क नसतो. टकरीच्या ऊर्जेतून तो नव्याने जन्मतो. म्हणून ही मोजणी ऊर्जेतून द्रव्य कसे घडते, याचीच मोजणी ठरते. प्रत्यक्ष संख्या तुलनेसाठी घेतलेल्या संगणकीय प्रारूपाच्या भाकितापेक्षा काही ठिकाणी तिप्पटीपर्यंत अधिक निघाली.

'विचित्र' हे नाव म्हणजे मुळात न कळल्याची कबुली होती. १९६४ नंतर क्वार्क-कल्पनेने त्या गुणधर्माचा अर्थ लावला, तरी नाव बदलले नाही. ते बदलले नाही हे बरेच झाले. कारण मूळ पाठाचा अदमास अजून चुकतो आहे, हे त्या तिपटीने दाखवून दिले.