अमोनियम-आयन बॅटरी : अग्रद्रव्ये

अमोनियम क्षाराच्या जलीय द्रावणात चालणारी, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी. चार्ज-डिस्चार्ज होताना अमोनियम आयन एका विद्युत अग्रातून निघून दुसऱ्यात शिरतात. द्रावण बहुधा अमोनियम सल्फेटचे, म्हणजे शेतकऱ्याच्या परिचयाच्या खताचे. ते स्वस्त असते आणि पेट घेत नाही. खरी अडचण आहे ती आयनांना सामावून घेणाऱ्या घन द्रव्यांची.

पाण्याच्या वेष्टनासह अमोनियम आयनाची त्रिज्या सुमारे ३.३१ अँगस्ट्रॉम, तर लिथियमची ३.८२, त्यामुळे तो द्रावणात चपळ असतो. प्रशियन ब्लूच्या कुळातील द्रव्यांच्या प्रशस्त जालकात तो सहज ये-जा करतो, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात २०११-१२च्या सुमारास दिसून आले. २०१७ मध्ये ऑरेगन स्टेट विद्यापीठात शिउलेई जी यांच्या गटाने याच कुळातील निकेलयुक्त द्रव्याचे धन अग्र आणि पेरिलीन डायइमाइडचे ऋण अग्र जोडून पूर्ण बॅटरी केली. (दोन्ही द्रव्यांचे गोत्र रंगांच्या कारखान्यातले.) तिची ऊर्जा प्रतिकिलो सुमारे ४३ वॅट-तास सांगितली जाते. हा हिशेब फक्त अग्रद्रव्यांच्या वजनाचा आहे. पाणी, आवरण वगैरे धरल्यास आकडा बराच उतरतो.

प्रशियन ब्लूच्या जालकात जागोजाग अख्खे फेरोसायनाइड गट गळालेले असतात व तेथे पाणी शिरते. द्रव्य तयार करताना सायट्रेट घालून अवक्षेपण संथ केल्यास स्फटिक अधिक निर्दोष बनतात. तरी धारणक्षमता बेताचीच राहते, म्हणून व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम व मँगनीज यांच्या ऑक्साइडांकडे लक्ष वळले. त्यांतील ऑक्सिजनशी अमोनियम हायड्रोजन बंध जोडतो. एक बंध सुटताना दुसरा जुळतो आणि आयन पुढे सरकतो. बंध फार घट्ट झाला तर मात्र आयन अडकून पडतो. व्हॅनेडियम ऑक्साइड पाण्यात हळूहळू विरघळतेही. त्याच्या थरांमध्ये पॉलिअॅनिलीन हे बहुवारिक बसवल्यास अंतर वाढते आणि रचना टिकते. द्रावण किंचित आम्लधर्मी असल्याने अमोनियमबरोबर प्रोटॉनही आत शिरू शकतात. तेव्हा मोठ्या धारणक्षमतेच्या दाव्यात अमोनियमचा वाटा किती, हे तपासल्याशिवाय तो मान्य करू नये.

या प्रगतीत सर्वांत मागे आहे ऋण अग्र. तेथील विभव फार उतरले की पाण्यातून हायड्रोजन सुटतो, लगतचे द्रावण अल्कधर्मी होते आणि सामू ९च्या पुढे गेला की अमोनियमचा अमोनिया वायू होऊ लागतो. अतिसंहत द्रावणाने हे बरेच आवरते, पण त्यासाठी फ्लोरिनयुक्त क्षार वापरले तर द्रावणाचा स्वस्तपणा उरत नाही.