पडद्यावरचा शेजारी

वकील न्यायासनापुढे उभा राहतो तो स्वतःसाठी नव्हे. अशिलाचा धर्म, जात वा भाषा त्याची असतेच असे नाही. तरीही त्याची बाजू मांडण्याचा अधिकार वकिलास वकालतनाम्याने प्राप्त होतो. नटाला असा वकालतनामा कोण देतो, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दोन चित्रपटांच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला. तोफा दूर धडधडत होत्या; घराशेजारची भिंत मात्र उंच होत चालली होती. अशा समयी, १९४१ साली, पुण्याच्या ‘प्रभात’ने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली मराठीत ‘शेजारी’ व हिंदीत ‘पडोसी’ हा बोलपट काढला. कथा विश्राम बेडेकरांची. मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी यांच्या प्रेमाची ‘रणांगण’ ही कादंबरी त्यांनी १९३९ सालीच लिहिली होती; वंशद्वेष माणसाचे काय करतो, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

‘शेजारी’तील जिवबा आणि मिर्झा हे एका खेड्यातील जिवलग मित्र. धरण बांधू पाहणारा धनिक त्यांच्यात वितुष्ट आणतो, आणि अखेरीस धरणाच्या प्रलयातच दोघांना एकत्र मरण येते. येथे कलहाचे मूळ देवळात नाही की मशिदीत नाही. ते जमिनीच्या व्यवहारात आहे. दिवाणी न्यायालयांत वावरणाऱ्यास हे निदान नवे वाटणार नाही.

हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर झाले मझहर खान आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. मुसलमानाने हिंदूची बाजू मांडावी, हिंदूने मुसलमानाची; असा हा बरोबरीचा विनिमय होता. मराठीत मात्र जिवबा केशवराव दाते आणि मिर्झा पुन्हा जागीरदारच. दोघांचाही अभिनय उत्तम, परंतु विनिमय तेवढा हरपला. वास्तविक मराठी बोलणारा मुसलमान महाराष्ट्राला परका नव्हता.

पुढे युद्धकाळात कच्च्या फिल्मची टंचाई झाली. चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा आली. युद्धप्रयत्नांना पोषक चित्रपट सरकारला हवे होते. जपानशी लढणारा चीन हा दोस्त राष्ट्रांपैकी; त्यामुळे शांतारामांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चा विषय सरकारलाही चालणारा होता आणि राष्ट्राभिमानालाही. चित्रपट पूर्ण होऊन लोकांपुढे आला तो १९४६ साली. १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांपैकी सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निवर्तले. त्यांच्या चिनी पत्नी ग्वो छिंगलान यांची भूमिका जयश्रीबाईंनी केली. हेतू निर्मळ होता. परंतु त्या बाईंच्या वतीने बोलण्याचा वकालतनामा येथे एकतर्फीच होता.

मग दुसऱ्याची भूमिका कोणी करूच नये काय? तसे मुळीच नाही. अशील वकिलास दूर करू शकतो. पडद्यावर जिचे चित्र रंगविले जाते, त्या व्यक्तीस ही सोय नाही. म्हणून नटाची आणि दिग्दर्शकाची जबाबदारी वकिलाहून अधिक, आणि प्रेक्षकाची त्याहूनही अधिक.

दांडिया बाजारातील मराठी वस्ती गायकवाडी अमलात रुजली. तेथून जवळच सुरसागराच्या काठी असलेल्या संगीत महाविद्यालयाचे मूळ १८८६ साली मौलाबक्षांनी चालविलेल्या गायनशाळेत आहे. नंदकुमाराला वंदन करणारी चीज तन्मयतेने गाणारे दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ १९५० साली याच शहरात निवर्तले. २००२ च्या दंगलीत त्यांच्या कबरीची विटंबना झाली. ज्याने आपल्या देवाची बाजू इतक्या गोड गळ्याने मांडली, त्याची बाजू मांडण्याची वेळ आली तेव्हा आपल्यापैकी किती जण उभे राहिले? ‘शेजारी’ आज पुन्हा पाहावा, तो या प्रश्नासाठी.