सायकल, रजा आणि डॅन्यूब

"पैसे भरून सायकल चालवायला ऑस्ट्रियाला गेलास?" बाबांनी विचारलं.

गेलो खरा. पासाऊ ते व्हिएन्ना, डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने, तीनशेहून जास्त किलोमीटर, आठवडाभर. पासाऊ जर्मनीत, बाकी जवळजवळ सगळा रस्ता ऑस्ट्रियात. गाईड पुढे, आपण मागे, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर. बॅगा व्हॅनमधून पुढच्या हॉटेलवर पोचतात. इकडच्या माणसाला ही सिस्टिम समजवायला एकच शब्द पुरतो: दिंडी. सामान ट्रकमध्ये, मुक्काम ठरलेले, आपण फक्त चालायचं. थॉमस कुकने पहिली सहल काढली १८४१ मध्ये, तुकोबांची पालखी निघतेय १६८५ पासून. तेव्हा ग्रुप टूर आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. :-)

पण बाबांचा प्रश्न डोक्यात अडकून बसला. कारण माझ्या शंभर जन्मांची सायकलिंग त्यांनी एका जन्मात केलीय. देहूगावातून आकुर्डीच्या कंपनीत, १९७४ पासून ८५ पर्यंत, तिन्ही शिफ्टला. देहूहून निघालेल्या पालखीचा पहिला मुक्काम आकुर्डीला असतो. बाबांनी तो टप्पा अकरा वर्षं रोज मारला, जाऊन-येऊन! पॅन्टला क्लिप, कॅरियरला डबा, आणि जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर अंगावर येणारे ट्रक.

ते एकटे नव्हते. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग बजाज, टेल्को आणि त्यांच्यामागून शेकडो छोटी वर्कशॉप्स. कामगार आजूबाजूच्या गावांतले, आणि त्यांना गेटपर्यंत आणायची ती काळी सायकल. शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली दिसायच्या, असं बाबा सांगतात. मग १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जायची. आमचा नंबर लागला ८५ मध्ये. त्याच आठवड्यात बाबांनी सायकल दूधवाल्याला विकली आणि पुन्हा कधी सायकलवर बसले नाहीत. सायकल म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा नक्की माहीत आहे.

मग युरोपातल्या माणसाला ती मजेची वस्तू कशी काय वाटली? मी आधी समजत होतो, तिथले रस्ते चांगले, हवा थंड, म्हणून. वाचायला लागल्यावर वेगळंच निघालं.

सुरुवात आपली नेहमीचीच, साहेब लोकांपासून. इंग्लंडमध्ये १८७८ मध्ये सायकल टूरिंगचा क्लब निघाला, तेव्हा ती उंच चाकाची सायकल कामगाराच्या आवाक्यात नव्हती. १८८५ मध्ये स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, चेनची सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. किमती उतरल्या आणि कामगार सायकलवर आला. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमला समाजवादी मंडळींनी क्लॅरियन नावाचा सायकल क्लबसुद्धा काढला. पण सायकल आली तरी हातात होता रविवार. एका रविवारात कुठवर जाणार? संध्याकाळी घरी यायचंय, सोमवारी भोंगा आहेच.

खरी गंमत १९३६ मध्ये फ्रान्समध्ये झाली. मे-जूनमध्ये कामगारांनी कारखानेच्या कारखाने ताब्यात घेऊन संप केला. नवीन आलेल्या लेऑन ब्लूमच्या सरकारने जूनमध्ये कायदा केला: वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा. लिओ लाग्रांज नावाच्या मंत्र्याने कामगारांसाठी रेल्वेचं सवलतीचं तिकीट काढलं. त्या उन्हाळ्यात आयुष्यात समुद्र न पाहिलेली माणसं समुद्राकडे निघाली, कोणी रेल्वेने तर कोणी नवरा-बायको दोघं एका टँडम सायकलवर. सायकल तीच, जी कारखान्यात न्यायची. फक्त पुढचे दोन आठवडे पगार चालू होता.

(आपल्याकडे कोणी गेलंच नाही असं नाही. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा, १८ मार्च १९२८ ला पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. अचाट! पण ते साहस. सुट्टीवरून माणूस सोमवारी कामावर येतो.)

भारतात १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने रजा दिली. त्या कायद्यात वर्षात २४० दिवस भरले, की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी मिळायचा. बाबांना मिळायची. ती जायची कुठे? पेरणी, आत्याचं लग्न, आजोबांचं ऑपरेशन. उरली तर विकायची. आमच्याकडे उलटं आहे, रजा लॅप्स होतील म्हणून मॅनेजरच मेल टाकतो. आणि चाकणच्या चौकात पहाटे कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या कंत्राटी पोरांना रजेचं विचारून बघा. कायदा त्यांनाही लागू आहे, पण आधी हसतील. असो.

बाबा फोटो बघत होते. एका फोटोवर थांबले. डावीकडे पाणी, उजवीकडे डोंगर, मधून अरुंद सपाट वाट.

"इथून कामाला कोण जायचं?"

मी चमकलोच. कारण गाईडने हेच सांगितलं होतं. ही वाट सायकलसाठी केलेलीच नाही. प्रवाहाच्या उलट मालाच्या होड्या वर ओढून न्यायला घोडे जुंपायचे, ती त्या घोड्यांची आणि त्यांना हाकणाऱ्या माणसांची वाट. १८३० नंतर वाफेच्या बोटी आल्या, घोड्यांचं काम गेलं, वाट राहिली. दीडशे वर्षांनी तिच्यावर सायकलचे बोर्ड लागले.

"तरीच," बाबा म्हणाले. "चढ कुठे दिसत नाही."

मग म्हणाले, "रजा किती टाकलीस?"

"सात दिवस."

"भरपगारी?"

"हो."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि पुढच्या चाकावर झूम केलं. "याला डायनामो दिसत नाही."

"हबमध्येच असतो, बाबा."

"म्हणजे टायरला घासत नाही?"

"नाही."

"मग रात्रीची जड जात नसणार," असं म्हणून त्यांनी पुढचा फोटो काढला.